खड्ड्याभोवतीची रांगोळी

'नागरिकांनी सूचना पाठवाव्यात' असं महापालिकेचं आवाहन आलं, की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाचं उत्तर ठरलेलं : "मागवायला काय जातंय त्यांचं? वाचतंय कोण लेका?" मग वहिनी स्वच्छ भारतचा चष्मा पुढे करते. 2014 मध्ये मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर लोकांकडून बोधचिन्हं मागवली आणि निवडलं ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं. आज पाचशेच्या नोटेवर तो चष्मा आहे.

वहिनीचा अभिमान रास्तच. पण एक चित्र नोटेवर गेलं. बाकीच्यांच्या डोक्यातलं कुणाच्या उपयोगी पडलं? स्पर्धेत लोकांना बोलावणं वेगळं आणि कामात घेणं वेगळं.

इथे इंग्लंडमध्ये 2007 पासून फिक्समायस्ट्रीट नावाचं रस्त्यांच्या तक्रारींचं संकेतस्थळ चालतं. फोटो टाकायचा, नकाशावर खूण करायची. तक्रार त्या भागाच्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे जाते आणि सगळ्यांना दिसते. आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा मी टाकला. चार दिवसांनी कुणीतरी येऊन त्याभोवती पांढऱ्या रंगाने गोल काढून गेलं. मग उत्तर आलं : खोली 40 मिलिमीटरपेक्षा कमी, निकषात बसत नाही. पावसाने रंग धुऊन गेला, खड्डा आहे तिथेच. फोटो पाहून दादा म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे खड्ड्याभोवती रांगोळी काढतात!"

हसलो, काय करणार. तरी फरक आहे, तो उत्तर चारचौघांत मिळण्याचा. ते वाचून पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांनी स्वतः पट्टी लावून खोली मोजली आणि माझ्याच तक्रारीखाली आकडा लिहिला. आपल्याकडे नुसतं 'तक्रार निकाली' असा एसेमेस आला, तर शेजाऱ्याला काय कळणार?

दादाचा दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या आणि कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या नकाशावर काम करतो. सरकारी नकाशांची माहिती महाग आणि बंधनांत अडकलेली, म्हणून स्टीव्ह कोस्टने 2004 मध्ये इथेच तो सुरू केला. "तुम्ही फुकट राबा, कंपन्या कमावतील," दादा म्हणतो. कंपन्या तो वापरतात, हे खरंच. पण मी काढलेली पायवाट उद्या माझ्या पुतण्यालाही तितकीच फुकट मिळते. स्पर्धेला पाठवलेल्या चित्राचं तसं होत नाही.

गेल्या महिन्यात कोकणातलं आईचं गाव भरायला घेतलं. उपग्रहाच्या चित्रात छपरं दिसतात, नावं नाहीत. आईला फोन केला. सुतारवाडी, होळीचा माळ, वरचा पऱ्या, सगळं तिने भराभर सांगितलं. विहिरीपाशी गाडी अडली. आई म्हणते खोताची विहीर, मावशी म्हणते चिंचेची. फोन स्पीकरवर टाकून दोघी अर्धा तास भांडल्या. शेवटी मी एक नाव 'नाव'च्या रकान्यात टाकलं, दुसरं 'पर्यायी नाव'मध्ये. वर कुणाचं, हे दोघींनाही सांगितलेलं नाही.