कापूस बर्न होतो, दोष कुणाचा?

भाऊ, तुमचा आक्षेप थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सिनेमा शूट करताना सीनचं एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) एकदा ठरलं की अँगल बदलला म्हणून ते हलवू नका, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, ‘इकडं यवतमाळच्या उन्हात हे चालत नाही. चेहरा धरला तर वाइडमधला कापूस बर्न होतो. मीटर आहे कोणाजवळ? आन् ग्रेडिंग कशासाठी असते मंग?’ (वाइड म्हणजे लांबून घेतलेला मोठा शॉट, बर्न म्हणजे पांढरंफटक होऊन तपशील जाणं, मीटर म्हणजे उजेड मोजायचं यंत्र आणि ग्रेडिंग म्हणजे शूटनंतर रंग-उजेड जुळवणं.)

आधी कापूस. चेहऱ्यावर पडणारं ऊन मोजून एक्सपोजर लावलं, तर त्याच उन्हातला पांढरा रंग 18 टक्के करड्यापेक्षा (मीटर ज्याला मधला उजेड धरतं तो रंग) जेमतेम सव्वादोन स्टॉप वर जातो; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. लॉगमध्ये (उजेड-सावलीचा मोठा पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत) शूट करणारा कुठलाही बरा कॅमेरा तेवढं सहज झेलतो. तुमचा कापूस बर्न झाला, कारण तुम्ही दुपट्ट्याच्या सावलीतला चेहरा मोजलात. वेचणारी बाई दुपट्टा कपाळावर ओढून घेते, चेहरा दोन-तीन स्टॉप खाली जातो; त्याच्यासाठी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) उघडलं की अख्खं वावर पांढरंफटक. तिथे अ‍ॅपर्चरला हात लावू नका, फ्रेमबाहेरून थर्माकोल धरून चेहऱ्यावर उजेड परतवा.

आणि गंमत बघा, ओटीत भरलेला कापूस हेच काम थोडंफार करतो. हनुवटीखाली उजेड चढतो. पुढच्या शॉटला बाई ओटी रिकामी करून आली की गळ्याखालची सावली गडद होते आणि आपण कॅमेऱ्यात बिघाड शोधत बसतो! सावली मुख्य उजेडापेक्षा किती स्टॉप खाली, हे कंटिन्युइटीच्या (शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून ठेवलेल्या) वहीत लिहा. नुसता अ‍ॅपर्चरचा आकडा लिहून भागत नाही.

ओसरीतून अंगणात येणाऱ्या शॉटबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे एकच आकडा चालणार नाही. पण ओसरीतला चेहरा दोन स्टॉप खाली ठेवायचा ठरवलात, तर अंगणातून घेतलेल्या रिव्हर्समध्येही (उलट बाजूच्या शॉटमध्ये) तो दोनच स्टॉप खाली हवा. टिकवायचं ते हे नातं.

ग्रेडिंगचं म्हणाल तर क्लिप झालेला (पूर्ण पांढरा होऊन तपशील गेलेला) कापूस कुठलाच कलरिस्ट परत आणू शकत नाही. अंधारा राहिलेला चेहरा नंतर उजळता येतो, पण नॉइज (चित्रातले दाणे) घेऊन. मग उजेड जुळतो आणि एक शॉट स्वच्छ, पुढचा रवाळ दिसतो.

मीटर नसेल तर ग्रे कार्ड (18 टक्के करड्या रंगाचं कार्ड) घ्या. जो उजेड मुख्य धरलाय तो कार्डावर पडू द्या आणि फक्त कार्ड मोजा. कॅमेऱ्याला पूर्ण फ्रेम मोजू दिली तर कापूस दिसला की तो अंधार करतो आणि काळी माती दिसली की उजेड. उघड्या उन्हात 800 आयएसओ, 1/50 शटर आणि 5.6 अ‍ॅपर्चरला साधारण सात स्टॉपचा एनडी (लेन्सवरचा, उजेड कमी करणारा फिल्टर) लागतो. उजेड बदलला तर एनडी बदला, अ‍ॅपर्चर तसंच ठेवा, म्हणजे मागची पऱ्हाटी एका शॉटमध्ये धूसर आणि दुसऱ्यात ठळक दिसणार नाही.

आणि वाइड आधी उरका. ऊन कलल्यावर क्लोजअपसाठी उजेड बनवता येतो, वर स्किमरही (ऊन मऊ करणारं कापड) ताणता येतो. एकरभर पऱ्हाटीवर कापड कोण ताणणार?