गोपनीय राहील, सर

"शून्य ते दहापैकी किती, सर? म्हणजे आपली कंपनी तुम्ही मित्राला कितपत सुचवाल?"

हा प्रश्न मला शुक्रवारी विचारला गेला. लॅपटॉप जमा झाला होता, ओळखपत्र गळ्यातून काढून घेतलं होतं, त्यानंतर. इतकी वर्षं त्याच खुर्चीत बसलो, पण कसं चाललंय बाबा तुझं, असं एकाही माणसाने विचारलं नाही.

विचारणारी एचआरची मुलगी बडोद्याच्या दांडिया बाजारातली, आमच्याच गल्लीतली. गणपतीत मला काका म्हणते, ऑफिसात सर. तिची आई आणि माझी बायको एका भजनी मंडळात. ती गंभीर होऊन म्हणाली, "अगदी मोकळेपणाने बोला. सगळं गोपनीय राहील." दांडिया बाजारात आणि गोपनीय! मी सेव-उसळीवर जास्तीची तर्री घेतली तरी मी घरी पोचायच्या आत बायकोला कळलेलं असतं.

त्यात आम्ही दोघंच नव्हतो. मीटिंग रूम सेल्सवाल्यांनी अडवली होती, म्हणून मुलाखत माझ्याच टेबलाशी, आणि टेबलाच्या वर शिडीवर एसीवाला. हा एसी दोन पावसाळे माझ्या कीबोर्डवर टपकत होता. मेल केले, तक्रारी केल्या, शेवटी घरून पातेलं आणून ठेवलं. दुरुस्तीला माणूस आला तो मी जायच्या दिवशी. माझ्या जागी येणाऱ्याने म्हणे जागा बघूनच नाक मुरडलं.

"नोकरी सोडण्याचं मुख्य कारण?"

मी घसा खाकरला. साहेबांचे रात्री अकराचे मेसेज, रविवारचे 'फक्त पाच मिनिटं' म्हणून केलेले फोन, सगळं ओळीने तयार होतं. "खरं सांगायचं तर..."

"साचुं नै बोलता, साहेब," वरून आवाज आला.

बडोद्यात मराठीत गुपित बोलायची सोय नाही. शिडीवरच्यालाही सगळं कळतं.

"पैसा हाथमां आवी गया?" तोंडात स्क्रू धरून त्याने विचारलं.

"अजून नाही."

"तो पछी?" त्याने स्क्रू काढला आणि शिडीवरच बैठक जमवली. आधीच्या शेठला सोडताना त्याने म्हणे सगळं खरंखरं सांगितलं होतं. "शेठे कीधुं, हिसाब दिवाळी पछी आपीश. कई दिवाळी, ए नो कीधुं." कुठली दिवाळी, ते शेठने सांगितलंच नव्हतं.

"भाई, आ कॉन्फिडेन्शियल छे," मुलगी कळवळून म्हणाली.

"हुं तो कंई सांभळतो ज नथी, बेन." दोन मिनिटं खरंच फक्त पान्याचा आवाज. मग, "बेन, आमनी जग्या खाली थई ने? मारो भाणियो बी.कॉम. छे."

तिने त्याच्या भाच्याचा नंबर लिहून घेतला. माझ्या उत्तरांपैकी तोवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मग तिने कारणांची यादी माझ्याकडे वळवली. चांगली संधी, उच्च शिक्षण, स्थलांतर, विवाह, आरोग्य, वैयक्तिक. साहेब हे कारण यादीत नाही. माझ्या बावन्नाव्या वर्षी विवाह मात्र यादीत आहे.

"'इतर' टाक की."

"इतर टाकलं की खुलासा लिहावा लागतो, आणि तो साहेबांच्या अप्रूव्हलला जातो."

आमच्या गावाला खरं तर निरोप घेण्याची उज्ज्वल परंपरा आहे. १९११च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी पंचम जॉर्जसमोर एकदाच मान लववली आणि सरळ पाठ फिरवून चालू लागले. केवढा गहजब झाला! पण पुढचं कुणी सांगत नाही. महाराजांनाही व्हाइसरॉयला पत्र लिहून खुलासा द्यावा लागला. एकवीस तोफांचा मानकरी जिथे सुटला नाही, तिथे पातेलंवाल्याची काय कथा?

"बरं, मित्राला सुचवण्याचे किती?" तिने परत विचारलं.

"तीन."

तिचा चेहरा पडला. नऊ-दहा म्हणजे खूश, सात-आठ म्हणजे धड ना इकडचा धड ना तिकडचा, आणि सहा किंवा त्याखाली गेलं की माणूस बदनामी करणाऱ्यांत मोजतात. त्यांची संख्या वाढली की हिला जाब विचारतात. म्हणजे एसी टपकणार माझ्यावर, मेसेज करणार साहेब, आणि बोलणी खाणार ही पोर. मी आठ दिले. कारण 'वैयक्तिक'. एसीवाल्याने वरून समाधानाने मान हलवली.

आता हिशेब. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. राजीनामा दिलेल्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्या, असं तीत स्वच्छ लिहिलंय. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. कंपनीच्या पत्रात मात्र सगळ्याला मिळून 'साधारण पंचेचाळीस दिवस'. लॅपटॉपचा चार्जर परत द्यायला मला संध्याकाळी सहाची मुदत होती, आणि तिथे 'साधारण' नव्हतं. कायद्याचं कलम जोडून मेल टाकला, तर उत्तर आलं की हा मेलबॉक्स कुणी वाचत नाही.

काल एचआरच्या त्या मुलीला फोन केला. "अकाउंट्सकडे आहे, सर. त्यांचं काही सांगता येत नाही मला."

बायको म्हणाली, तू नको डोकं फोडूस, गुरुवारी भजनाला तिची आई येईल, तिच्याकडून काढते सगळं.