100 अधिक वय? हे गणित आत्याला कोणी शिकवलं?

आत्याचं वय 78. तिची बीपीच्या गोळ्यांची एक डबी आहे, सात कप्प्यांची, प्रत्येक कप्प्यावर वाराचं अक्षर. दर रविवारी स्वतः बसून भरते. परवा शुक्रवारी गेलो तर सोम, मंगळ, बुध, गुरू सगळे कप्पे भरलेले. म्हटलं, आत्या, पुढच्या आठवड्याची तयारी आत्तापासूनच? तर म्हणाली, "अरे, त्या बंद केल्या मी. तो मेसेज नाही का वाचलास, तू पण आहेस की त्या ग्रुपवर." बीपीचं मशीन लावलं. 184 वर 96. पाच मिनिटं गप्प बसवलं, परत घेतलं, 178. आणि बाई खूश! कारण मेसेजप्रमाणे 100 अधिक 78 बरोबर 178. "बघ, बरोब्बर नॉर्मल."

तर तो मेसेज. 'म्हातारपण दूर ठेवणारे 7 नैसर्गिक नियम, जे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत'. तुमच्यापर्यंतही आलाच असेल, खाली हात जोडलेले आणि 'किमान 10 ज्येष्ठांना पाठवा'. मी एरवी असल्या गोष्टी वाचतही नाही, पण आता वाचलाय, तर घ्या.

पहिला नियम: वरचं बीपी 100 अधिक वय इतकं असेल तर ते नॉर्मल, साठीनंतर गोळ्यांची गरजच नाही, त्या फक्त कंपन्यांसाठी. आता हे गणित आकाशातून पडलेलं नाही हे मान्य करतो. शंभरेक वर्षांपूर्वी डॉक्टरच असं म्हणायचे. वय वाढलं की रक्तवाहिन्या ताठरतात, मग रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, तो शरीराची गरज म्हणूनच वाढतो, अशी समजूत होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी 1944 च्या मार्चमध्ये 186 वर 108 होतं. खाली आणायला धड औषधच नव्हतं तेव्हा. 1945 च्या एप्रिलमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी मोजलं तेव्हा 300 वर 190. वय फक्त 63. नंतर 1948 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात एक अभ्यास सुरू झाला, हजारो लोकांना वर्षानुवर्षं मोजत राहिले, आणि ताठर रक्तवाहिन्यांतला हा वाढीव दाबच मेंदू, हृदय आणि किडनी खातो हे कळलं. म्हणजे आत्याला जे 'डॉक्टर सांगत नाहीत' म्हणून पाठवलंय, ते डॉक्टरांनीच सांगून, चूक निघाल्यावर सोडून दिलेलं आहे.

आणि 'म्हाताऱ्यांना गोळ्यांचा उपयोग नाही' ही शंकाही डॉक्टरांना खरंच होती, म्हणून तर त्यांनी तपासून पाहिलं. हायव्हेट नावाची चाचणी, निकाल 2008 मध्ये. 3845 माणसं, सगळी 80 च्या पुढची, वरचं बीपी 160 किंवा जास्त. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी, कोणाला काय मिळतंय ते ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळीवाल्या गटात माणसं कमी मरत होती. मृत्यू 21 टक्क्यांनी कमी, स्ट्रोकने होणारे मृत्यू 39 टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर 64 टक्क्यांनी कमी. आणि गंभीर त्रासाच्या तक्रारी खोटी गोळी घेणाऱ्यांतच जास्त! ऐंशीच्या पुढे हा फरक पडतो आणि मेसेजवाला साठीला गोळ्या सोडायला सांगतोय. हां, एक खरं, फार थकलेल्या माणसाला उठल्यावर चक्कर येत असेल तर डोस कमी करावा लागतो, कधी एखादी गोळी काढतातही. पण ते उभं करून बीपी मोजून, तपासून करतात, हात जोडलेले इमोजी बघून नाही.

वर आत्याच्या दोन गोळ्यांपैकी एक मेटोप्रोलॉल. ही अशी एका रात्रीत सोडायची गोष्टच नव्हे. इतके दिवस हृदयावरचा ब्रेक दाबलेला असतो, तो एकदम सुटला की नाडी आणि बीपी उसळतात, आधीपासून हृदयाचं दुखणं असलेल्याला अटॅकही येऊ शकतो. बंद करायचीच असली तर एकदोन आठवड्यांत उतरवत आणतात. मेसेजमध्ये यावर एक ओळ नाही.

दुसऱ्या नियमाने तर मी कपाळच बडवून घेतलं. बीपीसाठी 'नैसर्गिक काढा', रोज उपाशीपोटी 40 दिवस, आणि त्यात पहिलं नाव कशाचं? ज्येष्ठमधाचं. अहो, ज्येष्ठमध बीपी वाढवतं! हा काही वादाचा विषय नाही, औषधशास्त्राच्या पुस्तकात आहे. किडनीत एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनला तिथल्या तिथे निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन त्या एन्झाइमलाच अडवतं, मग कॉर्टिसॉल भलत्याच हार्मोनची नक्कल करायला लागतं, मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं. बीपी वर, पोटॅशियम खाली, आणि पोटॅशियम फार उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. खोकल्याला कधीतरी एक तुकडा चघळला तर काही होत नाही, मी पण चघळतो, पण बीपीच्या माणसाने गोळ्या सोडून रोज कपभर? आत्याचा अकरावा दिवस होता. म्हणजे आधी काढा सुरू केला, मग त्याच्या भरवशावर गोळ्या सोडल्या.

त्याच काढ्यात हळद आणि काळी मिरी. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जातच नाही, म्हणून मिरी. मिरीतल्या पायपरीनमुळे ते जास्त शोषलं जातं हे खरं. पण पायपरीन हे करतं कसं, तर बाहेरून आलेले पदार्थ मोडणारी शरीराची यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा तुमची औषधंही मोडत असते. प्रोप्रानोलॉलसारख्या बीपीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढलेलं दिसलंय. जेवणातल्या चिमूटभर मिरीची भीती नको, अर्काच्या कॅप्सूलची हवी. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणणाऱ्यांना एकच विचारायचंय, ज्याचा इफेक्ट आहे त्याला साइड इफेक्ट नसेल कसा?

बाकीचे भराभर उरकतो.

उपवासाने पेशी तरुण होतात, 'याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला नोबेल'. ओसुमींना 2016 मध्ये नोबेल मिळालं ते यीस्टवरच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीवरच्या कामासाठी. पेशी स्वतःचाच कचरा मोडून परत कसा वापरते ती यंत्रणा आणि तिची जनुकं शोधली म्हणून. उपाशी ठेवलं होतं यीस्टला. तुमच्या आजोबांना नाही.

अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं पाणी, 'जर्मन शास्त्रज्ञ वारबुर्गला नोबेल'. 1931 चं ते नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमबद्दल होतं, पाण्याबद्दल नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, 7.35 ते 7.45 मध्ये फुप्फुसं आणि किडनी धरून ठेवतात, बाटलीतलं पाणी तर पोटातल्या आम्लातच संपतं.

स्मरणशक्तीला गिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. 3069 ज्येष्ठांना सरासरी सहा वर्षं देऊन पाहिलं, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, अडला नाही, 2008 मध्येच छापून आलंय.

अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, जितक्या जास्त तितक्या चांगल्या. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, त्यात बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला. पुढे बोलायची गरज आहे?

सातवा नियम: रोज चाला, मीठ कमी करा. आता काय करू, हा बरोबर आहे. फक्त त्यातही 'गुलाबी मीठ चालतं' घुसडलंय, तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, म्हणजे साधं मीठच, रंग वेगळा. फरक पडतो तो पोटॅशियमवाल्या मिठाने, चीनमधल्या 600 गावांत करून पाहिलंय, स्ट्रोक 14 टक्क्यांनी घटले. पण किडनी कमजोर असेल तर तेच मीठ धोक्याचं, म्हणून विचारल्याशिवाय आणू नका.

आत्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी तिच्यासमोरच फोन लावला. काढा बंद, पोटॅशियम तपासून घ्या म्हणाले, गोळ्या कशा सुरू करायच्या तेही नीट सांगितलं. काल आकडा 146 होता. मी म्हटलं, आता तो मेसेज डिलीट कर. तर चष्मा लावून परत सगळा वाचला आणि म्हणाली, "सातवा तर तूच बरोबर म्हणालास. तेवढ्यासाठी ठेवते."