वर पिवळं, खाली तांबडं

रील बघून तोंडाला काही फासायचं नाही, अशी शपथ मी जवसानंतर घेतली होती.

जवसाचं असं झालं. एका रीलमध्ये एक मुलगी म्हणाली, जवस उकळा, त्याचा चीक तोंडाला लावा, सुरकुत्या ताणून बसतील. आमच्या बेळगावात जवस म्हणजे भाकरीबरोबरची चटणी. पावशेर भाजायला काढून ठेवलेलं होतंच. उकळलं. पण तो चीक गरम असतानाच गाळायचा असतो, हे ती मुलगी बोललीच नाही की मीच रील पुढं ढकललं, देव जाणे. गार झाल्यावर त्याचा असा लगदा झाला की गाळणीतून थेंब उतरेना. शेवटी सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पिळलं, तर तो वाटी सोडून बोटांच्या फटींतून वर आला आणि कोपरापर्यंत पोचला. सर्दी झालेल्या पोराचं नाक हातानं पुसल्यासारखं! तेवढ्यात सासूबाई दारात. "चटणीचं जवस कुठं गेलं गे?" मी हात मागं लपवले. मागून तार लोंबत होती.

तरी शपथ मोडली, कारण भाचीचा साखरपुडा. २ नोव्हेंबर, खानापूर. आमच्याकडं साखरपुड्यात नवरी एकदाच बघतात, मावश्या मात्र दिवसभर बघतात. म्हणून ३१ ऑक्टोबरच्या दुपारी मी पुन्हा फोन घेऊन बसले. या वेळी बाई कन्नडमध्ये बोलत होती. कडले हिट्टू, मोसरू, अरिशिण. बेसन, दही, हळद. सीमाभागात राहण्याचा हा फायदा, फसायला दोन दोन भाषा मिळतात.

हळद एक चिमूट, असं ती म्हणाली होती. पण तिचं वय असेल २५, माझं ४७. त्या हिशेबानं मी दोन चमचे घातली. त्यातही उटण्याची आंबेहळद नव्हे, स्वयंपाकाची, सांगलीहून आणलेली. जी चिमूटभर पडली तर पातेलंभर रस्सा पिवळा होतो आणि ताटाबाहेर सांडली तर ओट्यावर महिनाभर मुक्काम करते, ती मी तोंडावर वीस मिनिटं वाळू दिली.

धुतल्यावर बेसन गेलं, पिवळेपणा जागच्या जागी. मग साबण घेतला. हनुवटीला लावला, गालांना लावला आणि आरशात बघितलं. फेस तांबडा! कातडीच सोलून निघाली, असं वाटून मी ओरडत मागच्या दारी पळाले.

शेजारच्या अक्का कपडे वाळत घालत होत्या. "अय्यय्यो, येन आत री वैनी?" म्हणत धावत आल्या, दोन पावलांवर थबकल्या, माझ्याकडं नीट बघितलं आणि दोरीला धरून हसायला लागल्या. कपाळाला साबण लागायचा राहिला होता. वर पिवळं, खाली तांबडं. हुबेहूब कन्नड ध्वज.

"राज्योत्सव उद्या हाय की वो! तुम्ही आजच तयार झालासा?"

बाहेरच्यांना सांगायला हवं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून ही तारीख आमच्या बोळात दोन प्रकारे उगवते. अक्कांकडं राज्योत्सव, चन्नम्मा सर्कलची मिरवणूक. आमच्याकडं काळा दिन, संभाजी उद्यानापासून मूक सायकल फेरी. आमचे हे त्याच वेळी परसात सायकलमध्ये हवा भरत होते. काळा शर्ट इस्त्री होऊन दांडीला लटकलेला. त्यांनी मान वर केली, माझं तोंड बघितलं, पुन्हा पंप मारायला लागले. मूक फेरी उद्या होती, यांचं मौन तिथूनच सुरू झालं.

अक्कांचा मुलगा दहावीत. तो अगदी आनंदात आला. "काकू, कपाळाला साबण लावू नका, तेवढं फरक दाखवायला राहू दे." मग त्यानं सांगितलं की हळद म्हणजे दर्शक, आम्लारीत तांबडी होते आणि साबण आम्लारीच. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते असंच. यावर उतारा आम्ल. अक्कांनी लिंबू कापून दिलं. ते चोळल्यावर तांबडं डोळ्यांदेखत पिवळं झालं, गालांची जी आग झाली ती वेगळी. पण सगळं तोंड एकरंगी झालं, निदान कुठल्या राज्याचं राहिलं नाही.

"हळद पाण्यानं जात नाही, तेलानं जाते गे," सासूबाई म्हणाल्या आणि खोबरेल घेऊन बसल्या. खरंच बरीच उतरली. हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "तू आधी विचारलीस काय?"

उरलेली हळद घेऊन मी साखरपुड्याला गेले. "कावीळ झाली काय गे?" असं तिघींनी विचारलं, चौथीनं मला तळलेलं वाढूच दिलं नाही. खानापूरबद्दल एवढंच पुरे.

परवा सकाळी मी चहा घेत होते. माझ्या उशीचा अभ्रा धुवायला घेऊन सासूबाई न्हाणीत गेलेल्या. साबण चोळल्याचा आवाज आला, मग एकदम किंकाळी.

"अगे धाव गे! रक्त, रक्त!"

मी बशीत चहा ओतला.

"लिंबू पिळा, आई."