बोलत नाही म्हणजे समजत नाही? साफ चूक

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा : सीपीचं मूल बोलत नसेल तर त्याला समजतही नाही; खात्रीसाठी आयक्यू टेस्ट करा; चित्रं दाखवून मनातलं सांगायचा बोर्ड देऊ नका, मूल बोलायचा कंटाळा करील; पाच वर्षांचं होईपर्यंत थांबा. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि यातला प्रत्येक सल्ला मुलांचं नुकसान करणारा आहे.

‘बोलत नाही म्हणजे समजत नाही.’ सीपीत बिघडतो तो मुख्यतः स्नायूंवरचा ताबा, आणि जीभ, ओठ, श्वास हेही स्नायूंवरच चालतात. साधारण चारांतल्या एका मुलाला बोलता येत नाही. बौद्धिक अक्षमताही जवळपास निम्म्या मुलांत असते, हे मी लपवणार नाही. पण ती कोणाला आहे, हे उच्चारांवरून ठरत नाही. सीपी असलेल्या मुंबईच्या लेखिका मालिनी चिब यांचं बोलणं अनोळखी माणसाला चटकन कळत नाही. एका बोटाने टाइप करत त्यांनी लंडनमधून पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

‘आयक्यू टेस्ट करा.’ सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ठोकळे रचा, बोट दाखवा, वेळेत उत्तर द्या, अशी ती टेस्ट. काही मुलांची मान उजवीकडे वळली की उजवा हात आपोआप ताठ होऊन बाहेर जातो. मूल उजवीकडचं चित्र नुसतं बघतं, हात तिकडे जातो, आणि तपासणारा ‘चुकीचं उत्तर’ लिहून मोकळा होतो.

म्हणून आधी बैठक नीट हवी : कंबरेला आधार, पाय टेकलेले. मग नजरेने निवडू द्यायचं, चित्रांच्या जागा बदलून पुन्हा विचारायचं आणि प्रश्नानंतर गप्प बसायचं. दहा-पंधरा सेकंद थांबणं मोठ्यांना फार जड जातं. उत्तर येतं ते बहुतेकदा तेवढ्यात. नेदरलँड्समध्ये तर अशा मुलांसाठी ‘सी-बिल्ट’ ही भाषा समजण्याची वेगळी चाचणीच केलेली आहे, तिथे मूल नजरेने किंवा बटणाने उत्तर देतं. २०११पासून ‘सीएफसीएस’ ही पाच पातळ्यांची पद्धतही आहे. मूल निरोप कसा देतं आणि कसा घेतं, ओळखीच्यांशी नि अनोळखी माणसांशी, हे ती बघते. इशारे, बोर्ड, आवाज सगळं धरते.

आणि कानांची तपासणी राहून गेली असेल तर बाकीचं सगळं थांबवा. जन्मल्यावर कावीळ फार वाढून सीपी झालेल्या मुलांत ऐकण्याचा दोष वारंवार सापडतो.

‘बोर्डाने बोलणं थांबतं.’ नाही थांबत. २००६च्या एका आढाव्यात विकासात्मक अक्षमता असलेल्या २७ जणांची नीट नोंदलेली उदाहरणं तपासली होती. बहुतेकांचं बोलणं वाढलं, काहींचं तेवढंच राहिलं, कमी कोणाचंच झालं नाही.

‘पाच वर्षं थांबा.’ पाच वर्षं मूल ‘नको’, ‘दुखतंय’, ‘अजून दे’ कसं सांगणार? पहिल्या भेटीत मी आईला विचारते, याचं ‘हो’ कसं असतं? बहुतेक आया लगेच दाखवतात : डोळे वर, किंवा एक हुंकार. ती खूण आम्ही त्याच दिवशी कागदावर लिहून मुलाच्या खुर्चीला चिकटवतो, म्हणजे आजी, बालवाडीच्या ताई, सगळ्यांना त्याचं ‘हो’ ओळखता येतं.