स्पॅनिश-इंग्रजी वर्ग आणि मराठी घर

टेक्सासमधल्या आमच्या भागात नाताळची सुट्टी संपली की पुढच्या ऑगस्टच्या किंडरगार्टन प्रवेशांची चर्चा सुरू होते, आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षी कोणीतरी नवे आईवडील तोच प्रश्न विचारतात : सरकारी शाळेतल्या स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक वर्गाच्या सोडतीत मुलाचे नाव घालावे का? त्यामागोमाग दोन शंका ठरलेल्या असतात. घरात कोणालाच स्पॅनिश येत नाही, मग अभ्यास कोण घेणार, ही पहिली; आणि इंग्रजीपुढे आधीच दमछाक झालेल्या मराठीचे आता आणखी एका भाषेपुढे काय होणार, ही दुसरी. माझी मुलगी अशाच वर्गात शिकत असल्यामुळे हे प्रश्न बहुधा माझ्याकडे वळवले जातात. गटावर दोन ओळींत उत्तर देणे जमत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मत आधीच सांगून टाकते : नाव जरूर घाला, मराठीला स्पॅनिशपासून धोका नाही. मात्र हा वर्ग कोणाच्या बळावर चालतो हे समजून घेऊन घाला, कारण ते न समजता आलेले पालक दुसरी-तिसरीत घाबरून मुलांना काढून घेतात आणि त्यात मुलाचेही नुकसान होते, वर्गाचेही.

आठवड्यातून दोनदा रंगांची नावे आणि गाणी शिकवणारा हा छंदवर्ग नाही. इथे शालेय विषयच स्पॅनिशमधून शिकवले जातात. काही शाळांत ९०:१० ही पद्धत असते. तिच्यात किंडरगार्टनचा जवळजवळ सगळा दिवस स्पॅनिशमध्ये जातो आणि इंग्रजीचा वाटा दरवर्षी वाढत जाऊन चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्यावर येतात. काही ठिकाणी पहिल्या दिवसापासून ५०:५० असते. टेक्सासमध्ये गोमेझ आणि गोमेझ या नावाने ओळखली जाणारी रचनाही बरीच रूढ आहे. तिच्यात गणित इंग्रजीतून, विज्ञान आणि समाजशास्त्र स्पॅनिशमधून आणि सुरुवातीचे वाचन मुलाची जी भाषा पक्की असेल तिच्यातून, अशी विभागणी असते. हे ऐकून सेमी-इंग्रजीत शिकलेल्या आपल्या पिढीला ओळखीचे वाटेल, पण एक मोठा फरक आहे. आपल्या सेमी-इंग्रजीच्या वर्गात घरून इंग्रजी घेऊन आलेले मूल बहुधा एकही नसे. इंग्रजी यायची ती पुस्तकातून आणि बाईंच्या तोंडून. इथे मुलांच्या जोड्या लावतात, एकाची स्पॅनिश पक्की तर दुसऱ्याची इंग्रजी, आणि विज्ञानाच्या तासाला ज्याला अडते तो शेजाऱ्याला विचारतो. या वर्गातले निम्मे शिक्षक म्हणजे दुसरी निम्मी मुले आहेत, असे म्हटले तरी चालेल.

ही निम्मी मुले कुठून आली, ते पाहायला थोडे मागे जावे लागते. क्युबातील क्रांतीनंतर मायामीत आलेल्या निर्वासित कुटुंबांची मुले आणि तिथली इंग्रजीभाषक मुले यांना एकत्र घेऊन कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेने १९६३ साली दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात केली. आजच्या अशा वर्गांचे मूळ साधारणपणे तिथे मानले जाते. टेक्सासचा इतिहास याहून कडवट आहे. इथे १९१८ सालच्या कायद्याने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणे हा शिक्षकासाठी गुन्हाच ठरवला होता, आणि शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलले म्हणून शिक्षा झालेल्या आजी-आजोबांची पिढी अजून आपल्या आसपास आहे. १९२८ साली दक्षिण टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकवणारा लिंडन जॉन्सन नावाचा तरुण मास्तरही मुलांनी इंग्रजीतच बोलावे असा आग्रह धरत असे. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यानेच १९६८ च्या जानेवारीत द्विभाषिक शिक्षणाच्या पहिल्या केंद्रीय कायद्यावर सही केली. टेक्सासने १९७३ साली स्वतःचा कायदा केला, आणि आज इथल्या एखाद्या शाळा-जिल्ह्यात (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात) एकाच इयत्तेत एकाच भाषेची, इंग्रजी शिकत असलेली वीस मुले असली तर द्विभाषिक शिक्षणाची सोय करणे जिल्ह्याला बंधनकारक आहे. उलट कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये जनमताने असे वर्ग जवळपास बंद पाडले आणि २०१६ मध्ये पुन्हा जनमतानेच त्यांची वाट मोकळी केली. सांगायचा मुद्दा असा की, आपण ज्या सोडतीत नाव घालतो तो वर्ग आपल्या मुलांच्या बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून उभा राहिलेला नाही.

आता अभ्यासाची शंका. पहिली दोन-तीन वर्षे तरी ती मला फार गंभीर वाटत नाही. स्पॅनिश बहुतांशी जशी लिहितात तशीच वाचतात आणि तिचे स्वर पाचच आहेत. किंडरगार्टनमधून घरी येणाऱ्या पहिल्या कागदावर मा, मे, मि, मो, मु आणि त्याखाली पा, पे, पि, पो, पु अशा ओळी होत्या. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून तो कागद पाहिला, ‘ही तर बाराखडीच आहे, निम्मी गाळलेली’ असे म्हणाल्या आणि नातीला समोर बसवून सगळा कागद म्हणून घेतला. त्यांना स्पॅनिशचा गंध नव्हता, पण मुलगी कुठे अडखळते हे त्यांना बरोबर कळत होते. शिवाय तिथले त आणि द आपल्यासारखे दंत्य असल्यामुळे मराठी घरातल्या मुलांचे उच्चार लवकर बसतात, असे मुलीच्या बाईंचेही म्हणणे होते. तिसरीनंतर मात्र विज्ञानाचे उतारे खरोखर लांब होतात आणि पालकाची मदत तोकडी पडते. त्यावर उपाय म्हणजे शिक्षकांशी बोलत राहणे आणि मुलाने शिकलेले आपल्याला मराठीत समजावून सांगावे असा आग्रह धरणे. बाष्पीभवन म्हणजे काय हे ज्याला आजीला सांगता येते त्याला ते समजलेले असते. स्वतःला इंग्रजी येत नसताना मुलांना इंग्रजी माध्यमात घालणारी घरे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्या आईवडिलांना जो धीर होता तो दोन-दोन पदव्या घेतलेल्या आपल्याला नसावा, याची मला थोडी गंमत वाटते.

मराठीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात १९६५ साली इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्या मुलांची इंग्रजी काही मागे पडली नाही. त्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी पुढे एक भेद मांडला : काही मुलांच्या बाबतीत नवी भाषा जुनीत भर घालते, तर काहींच्या बाबतीत ती जुनीची जागा बळकावते, आणि यांपैकी काय घडणार हे मुलाच्या मेंदूपेक्षा त्या दोन भाषांच्या समाजातल्या वजनावर अवलंबून असते. आपल्या घरांकडे या नजरेने पाहिले तर मराठीची जागा कोण घेते हे लगेच दिसते. खेळ, यूट्यूब, वाढदिवसाच्या पार्ट्या, भावंडांची भांडणे हे सगळे इंग्रजीत चालते. स्पॅनिशचा तिथे शिरकावच नाही. ज्यांची मातृभाषाच स्पॅनिश आहे ती मुलेसुद्धा मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडताच इंग्रजीवर येतात. शाळा सुटायच्या वेळी माझ्याशेजारी उभी राहणारी मेक्सिकोतल्या मोंतेर्रेची एक आई मला सांगते की, ती मुलाशी स्पॅनिशमध्ये बोलते आणि तो उत्तर मात्र इंग्रजीत देतो. हीच तक्रार मी आमच्या गटावर मराठीबद्दल दर आठवड्याला वाचते. स्पॅनिशमुळे मराठी गेली असे सांगणारे घर माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतही विज्ञान शिकता येते आणि भूगोल लिहिता येतो, हे मुलांना इथे रोज दिसते, आणि त्याने मराठीकडे पाहण्याची त्यांची नजर थोडी तरी बदलते. पण एवढ्याने मराठी टिकत नाही. तिच्यासाठी घरातले बोलणे, रात्रीची गोष्ट आणि रविवारची मराठी शाळा हे सगळे वेगळे करावेच लागते; ते न करणाऱ्यांनी पुढे स्पॅनिशवर खापर फोडू नये.

खरी परीक्षा दुसरीच्या सुमाराला होते, विशेषतः ९०:१० च्या वर्गात. चुलतभाऊ इंग्रजीतली जाडजूड पुस्तके वाचत असतो, आपले मूल इंग्रजी वाचनात मागे दिसते, आणि कोणाच्या तरी घरी जेवायला गेल्यावर तुलना होतेच. इथे पोर्टलंडच्या सरकारी शाळांचा अनुभव उपयोगी पडतो. तिथे अशा वर्गांचे प्रवेश सोडतीने होत असल्यामुळे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची नीट तुलना करता आली, आणि २०१५ साली रँड संस्थेच्या संशोधकांनी जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार द्विभाषिक वर्गातली मुले इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत साधारण ७ महिन्यांनी आणि आठवीपर्यंत साधारण ९ महिन्यांनी पुढे होती. गणित आणि विज्ञानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे लाभ उशिरा दिसतो. दुसरीत मूल काढून घेणारा पालक मागे पडण्याचा काळ पुरा भोगतो आणि फळ येण्याआधी निघून जातो. बहुतेक जिल्ह्यांत इंग्रजीभाषक मुलांना पहिलीनंतर या वर्गात नव्याने घेत नाहीत, त्यामुळे सुटलेली जागा रिकामीच राहते आणि वर्ग आक्रसत जातो. पाचवीपर्यंत थांबायची तयारी नसेल तर नाव न घातलेले बरे.

प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलली जाते हे विचारणारा एक फॉर्म येतो. तिथे ‘मराठी’ लिहिले तर मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात, म्हणून आपल्यातले पुष्कळ जण ‘इंग्रजी’ असे लिहून मोकळे होतात. मला हे पटत नाही. चाचणीत काही भयंकर नसते, आणि ज्या शाळेला आपण दोन भाषांचा मान राखायला सांगतो तिच्याच फॉर्मवर तिसरी लपवायची हे चमत्कारिक आहे. मराठी मुलाची गणना तरीही बहुधा वर्गाच्या इंग्रजी अर्ध्यातच होते.

आणि इथेच मला खटकणारी गोष्ट येते. स्टॅनफर्डच्या ग्वाडालुपे वाल्देस यांनी १९९७ मध्येच बजावले होते की, दोन्ही गट एकाच वर्गात बसले तरी त्यांचे वजन सारखे नसते. इंग्रजीभाषक मुलाने चार वाक्ये स्पॅनिशमध्ये म्हटली की कौतुक होते, स्पॅनिशभाषक मुलाने इंग्रजी शिकणे मात्र गृहीत धरले जाते. आमच्याकडे तेच दिसते. पालकसभेला आपण संगणकावरचे तक्ते घेऊन हजर असतो, आणि दोन पाळ्यांत काम करणारे पालक येऊ शकत नाहीत. घरांच्या किमती वाढत गेल्या की ती कुटुंबे लांब राहायला जातात आणि त्यांच्या जागा आपल्यासारख्यांकडे येतात. वर्गात स्पॅनिश घरून आणणारी मुलेच उरली नाहीत, तर आपली मुले त्याच सेमी-इंग्रजीत जाऊन बसतील, फक्त भाषा वेगळी.

आमच्या जिल्ह्यात सध्या या वर्गाची बस बंद करण्याचा प्रस्ताव आहे, आणि बस गेली तर पहिल्यांदा स्पॅनिश घरून आणणारी हीच मुले गळतील. त्यावरची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मी बोलण्यासाठी नाव दिले आहे, आणि मोंतेर्रेच्या त्या मैत्रिणीला कामावरून सुटी मिळाली तर तीही स्पॅनिशमध्ये बोलणार आहे. सोडतीत नाव घालणाऱ्या मराठी पालकांनी त्या संध्याकाळी यावे. पाचवीनंतर माध्यमिक शाळेत हा कार्यक्रम पुढे चालवणार की स्पॅनिशचा एखादा तास देऊन गुंडाळणार, हाही प्रश्न तिथे विचारायचा आहे.