संकेत नव्हे, दर्शन

गोकुळाष्टमीचा सुंठवडा अजून डब्यात होता आणि विश्वामित्री नदी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर होती. २०२४ चा तो ऑगस्ट बडोद्यात कुणीच विसरलेलं नाही. धोक्याची पातळी २५ फूट, आणि नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. पाणी ओसरलं तेव्हा पार्किंगच्या चिखलात, शेजाऱ्यांच्या गाडीखाली मगर निघाली. असेल पाचेक फुटांची.

मी आठ-दहा हातांवर उभी होते. पाठीवरचा चिखल वाळून तडकला होता. डोळ्यात उभी काळी फट. आतल्या कोपऱ्यातून एक पातळ पडदा डोळ्यावरून सरकला आणि परत गेला. श्वास चालू आहे की नाही तेही कळेना; मग एकदाच कुशी फुगल्या. बुडालेला फ्रिज, भिजलेल्या गव्हाची पिंपं, विम्याचे कागद, दोन दिवस डोक्यात घोंघावणारं सगळं तेवढा वेळ गप्प झालं. ती माझ्याकडे बघत होती असं म्हणायचा मोह होतो, पण तिला माझ्याशी काही घेणं नव्हतं. आणि खरं सांगते, त्यानेच मला हलकं वाटलं.

वर गॅलरीत सासूबाईंनी हात जोडले. "दर्शन झालं गं," एवढंच म्हणाल्या. समोरच्या बेन "खोडियार माताजींचं वाहन" म्हणत कुंकू घेऊन खाली आल्या. त्यांचा भाव मला कळतो. आपली नर्मदामाईही मगरीवरच बसते. पण कुंकू तिच्या अंगावर उडवायला त्या पुढे सरसावल्या, दोन पोरं मोबाईल घेऊन गाडीखाली वाकली, तेव्हा मात्र मी ओरडले. मग माणसं आली, डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, जबडा बांधला आणि तिला घेऊन गेली.

संध्याकाळपासून फोन सुरू. मगर दारात येणं शुभ की अशुभ? काय संकेत असेल? त्या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या होत्या. कुणीतरी लगेच लिहिलं, दत्तगुरूंचे गुरूही २४! अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. लहानपणी दत्तजयंतीला आजी ते २४ गुरू बोटांवर मोजून घ्यायची: अजगर, मधमाशी, हरीण, हत्ती, मासा, कोळी...

पण त्या मोजणीतच मला उत्तर सापडलं. यातल्या एकानेही दत्तगुरूंना त्यांचं भविष्य सांगितलं नाही. अजगर आपला पडून होता, मिळेल ते खात होता. मासा आमिषाला लागून मेला. त्यांनी ते पाहिलं आणि शिकले. कुठलंही जनावर त्यांच्यासाठी निरोप घेऊन आलं नव्हतं. आपण मात्र मुंगूस दिसलं की कामं होणार, मांजर आडवं गेलं की नाही होणार. सगळं जंगल जणू आपली पत्रिका घेऊन फिरतंय! मला हे अध्यात्म वाटत नाही. यात 'मी' जरासुद्धा कमी होत नाही, उलट फुगतो. सासूबाईंच्या 'दर्शन' या शब्दात मागणं नाही. देव दिसला, डोळे भरले, बाजूला व्हायचं. मागे रांग आहे.

आणि दारात कोण कुणाच्या आलं? पावागडाकडून येणाऱ्या या नदीच्या काठात मगरी बिळं करतात, मातीत खड्डा करून अंडी घालतात. पावसाच्या तोंडाला पिल्लं फुटली की आई त्यांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. ज्या जबड्याला आपण भितो, त्याच जबड्यात! नदीच्या पाण्याची जागा आपण घरांनी भरली. ती मगर पाण्याबरोबर पोहत आली, तिच्या लेखी अजून नदीतच होती. तिला देवी म्हणायचं आणि तिच्या काठावर भराव टाकायचा, राडारोडा ओतायचा, ही कसली भक्ती? नमस्कार करायचाच असेल तर तो काठ मातीचा राहू द्या.

या जानेवारीत सासूबाईंना डॉक्टरांकडे नेत होते. काळा घोड्याच्या पुलावर रिक्षा अडकली. खाली काठावर एक मोठी मगर आ वासून ऊन खात पडली होती. मी त्यांना दाखवली. त्यांनी बसल्या जागी पायातल्या चपला काढल्या आणि सिग्नल सुटेपर्यंत बघत राहिल्या.